नुसती चालती कर

मी बोलतेय. इकडे, दोरीच्या आत बघा. लाल टाकी, काळं इंजिन, तोंड दिसेल इतका चकचकीत सायलेन्सर, ती मोटरसायकल म्हणजे मी. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात, "काय गाडी आहे!" म्हणतात आणि पुढच्या गाडीकडे सरकतात. बाई, तू चालतेस का, असं मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही. तेव्हा म्हटलं, आपणच सांगून टाकावं.

माझ्या जन्माचं फार कौतुक सांगत बसत नाही. एका लांबलचक कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर, माझ्यासारख्याच पुष्कळ बहिणींबरोबर मी उभी राहिले. जोरात पळायचं आणि वळणावर अंग टाकून वळायचं, यासाठी आम्हाला घडवलं होतं. त्या काळी आमचा तोरा काही औरच होता. आम्ही सुरू झालो की गल्लीतली माणसं खिडकीत यायची, निम्मी बघायला आणि निम्मी शिव्या द्यायला.

मला घेतलं ते एका टर्नरने. लेथ मशीनवर लोखंडाचे भाग कातून द्यायचे, हा त्यांचा धंदा. नोकरी कायम झाल्याच्या आठवड्यातच ते मला घेऊन आले. त्यांची आई दारात उभी राहून म्हणाली, "नोकरी पक्की झाली की लोक सून आणतात, आमच्या शहाण्याने ही आणली." पुढे सूनही आली. मालकीणबाई पहिल्यापासून मला सवत म्हणायच्या. पण रविवारी मालकांनी मला पुसायला घेतलं की चपला घालून सर्वांत आधी त्याच तयार.

शहराबाहेर एक मोठा तलाव आहे. त्याच्या बांधावर जायचं, पाण्याकडे तोंड करून बसायचं, थर्मासमधला चहा प्यायचा आणि अंधार पडायच्या आत परत यायचं, एवढीच त्या दोघांची चैन होती. मालकीणबाई मागे बसल्या की मालकांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवायच्या. वेग वाढला की तिथेच चिमटा काढायच्या. मालक मुद्दाम वेग वाढवायचे, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मग एक दिवस लेथवर मालकांचा हातमोजा अडकला. डाव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. उरली करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. मोटरसायकलचा क्लच डाव्या हाताने दाबायचा असतो, आणि माझा क्लच धडधाकट माणसालाही घाम फोडायचा. तो दाबल्याशिवाय गिअर पडत नाही. मालक दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मला हात लावून पाहिला. क्लचचा दांडा उरलेल्या दोन बोटांना जुमानेना. ते मला विकायला निघाले होते.

त्यांना अडवलं ते मालकीणबाईंच्या भावाने. हा गडी वेल्डर. बोलायला फटकळ, पण हात सोन्याचा. म्हणाला, "दाजी, हात गेला नाही, दोन बोटं गेलीत. गाडीला कशाला सुतक?" क्लचची तार खाली इंजिनाजवळ एका छोट्या आडव्या दांडीला अडकवलेली असते. त्याने त्या दांडीला लोखंडाची पट्टी वेल्ड केली आणि ती लांब केली. दांडी लांब, म्हणून जोर कमी. वर हातातला दांडाही थोडा वाकवून जवळ आणला. दिसायला ते काम म्हणजे म्हशीला घातलेली नथ होती. पण मालकांनी दोन बोटांनी क्लच ओढला, तो आला, गिअर पडला. त्यांनी मला गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणलं आणि मेहुण्याला मिठी मारली. मेहुणा म्हणाला, "सोडा, अंगाला ग्रीस लागलंय."

त्या घरात मग मुलगा झाला. आपण त्याला चिरंजीव म्हणू. तो रांगत रांगत यायचा तो थेट माझ्या चाकाकडे. जरा मोठा झाल्यावर फडकं घेऊन मला पुसायचा. त्या पट्टीवर बोट ठेवून एकदा त्याने विचारलं होतं, "बाबा, हे काय?" मालक म्हणाले, "ही माझी दोन बोटं. मामाने करून दिली." पोराला ते ऐकून इतकी गंमत वाटली, की महिनाभर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबांची बोटं दाखवत होता. हे मी मुद्दाम सांगतेय. पुढे लागणार आहे.

गाड्यांचं म्हातारपण माणसांसारखंच येतं. आधी एक भाग मिळेनासा होतो, मग दुसरा. पोराचं शिक्षण, घराची डागडुजी, मालकांच्या आईचं दुखणं, या सगळ्यात माझा नंबर मागे मागे गेला. इंजिन एकदा बंद पडलं ते पडलंच. मला परसात पत्र्याखाली उभं केलं आणि ताडपत्री टाकली. मांजरीने सीटवर पिल्लं घातली. मालकीणबाई माझ्या हँडलवर पायपुसणी वाळत घालायच्या. मेहुणाही त्याच काळात गेला.

पण मालक रोज संध्याकाळी कामावरून आले की ताडपत्रीचा कोपरा उचलून बघून जायचे. जेवताना म्हणायचे, "निवृत्त झालो की हिला चालू करणार. एकदा तरी तुला पुन्हा बांधावर नेणार." मालकीणबाई म्हणायच्या, "आधी स्वतःचे गुडघे चालू करा." बोलायच्या अशा, पण सीटला उंदीर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या त्याच ठेवायच्या.

मालक निवृत्त झाले. तोवर चिरंजीव मोठ्या नोकरीला लागला होता, त्याला जुन्या गाड्यांचा नाद लागला होता आणि तसेच दोस्तही मिळाले होते. एका सकाळी तो टेंपो घेऊन आला. "बाबा, हिला मी नेतो. तुम्हाला नवी करून देतो." मालकांना फार आनंद झाला. टेंपोत मला दोरीने बांधून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "जास्त काही करू नकोस रे. नुसती चालती कर."

"तुम्ही बघाच," चिरंजीव म्हणाला. ऐकलं त्याने काहीच नाही.

ज्या गॅरेजमध्ये मला नेलं तिथल्या माणसाला सगळे डॉक्टर म्हणत. भिंतीवर हत्यारं मापाप्रमाणे टांगलेली, जमिनीवर तेलाचा डाग नाही. माणूस कसबी होता, ते मी नाकारत नाही. माझं इंजिन त्याने उघडलं, धुतलं, नवे भाग कुठून कुठून मिळवले, आणि मी पहिल्या दमात सुरू झाले तेव्हा मलाही भरून आलं. इतक्यावर थांबले असते तर मी दोघांची पूजा केली असती.

पण हौसेला मोल नसतं आणि लगामही नसतो. डॉक्टरला ती पट्टी दिसली. "हे कुठल्या लोहाराचं काम?" तो हसला. चिरंजीवही हसला. ज्याने महिनाभर बाबांची बोटं जगाला दाखवली होती, तो हसला. त्याने मोबाइलवर पट्टीचा फोटो काढला, दोस्तांना पाठवला आणि म्हणाला, "उडवा ते. सगळं ओरिजिनल पाहिजे." ग्राइंडर फिरला. पट्टी भंगाराच्या बादलीत पडली आणि कारखान्यातून येते तशी आखूड दांडी तिथे बसली.

आता यातली गंमत ऐका. जे माझ्या मालकासाठी बदललं होतं, ते यांनी मूळ रूपात आणलं. आणि जे मूळचं होतं, ते चिरंजीवाला शोभत नव्हतं म्हणून बदललं. हँडल काढून खाली दोन बुटके दांडे लावले, शर्यतीतल्या गाडीसारखे. धरायचे तर पोट टाकीवर टेकवून ओणवं व्हायचं. इंजिनाची ताकद वाढवली, म्हणून क्लचच्या स्प्रिंगाही कडक घातल्या. दोघांची सीट काढून एकट्याची बसवली आणि मागे उंटासारखं लाल वशिंड चढवलं. वर्षभर हे चाललं होतं. चिरंजीव शनिवार-रविवार माझ्याजवळ असायचा, हात काळे करायचा, जेवायचं विसरायचा. त्याचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणणार नाही. खोटं असतं तर बरं झालं असतं, निदान कुणी त्याला बोललं तरी असतं.

मला घरी आणलं तेव्हा गल्ली जमली होती. चिरंजीवाने माझ्यावरचं कापड ओढलं. टाळ्या पडल्या. मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुढे झाले, टाकीवरून हात फिरवला आणि कसाबसा पाय टाकून बसले. ओणवे झाले. मी सुरू झाले. मग त्यांनी दोन बोटं क्लचवर ठेवली आणि ओढलं.

दांडा अर्ध्यात अडला. बोटं निसटली. त्यांनी श्वास घेतला, पुन्हा ओढलं. मी आतून जीव तोडत होते, पण लोखंडाला माया करून चालत नाही. तिसऱ्यांदा ओढताना त्यांची नजर खाली गेली, त्या आखूड दांडीकडे. त्यांना कळलं. त्यांनी चावी फिरवून मला बंद केलं.

"आज नको," ते म्हणाले. "हात आता पूर्वीसारखा नाही राहिला."

"वय झालं, बाबा," चिरंजीव लाडाने म्हणाला. सगळे हसले.

मालकीणबाई थर्मास हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मागच्या वशिंडाकडे पाहिलं. "अरे, मी कुठे बसू?"

"आई, ही स्पोर्ट गाडी आहे. हिच्यावर मागे कोण बसतं?"

मालकीणबाई थर्मास घेऊन आत गेल्या.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी होते, म्हणून आतलं बोलणं मला ऐकू आलं.

"तुम्ही सांगणार आहात की मी सांगू?"

"कुणी काही सांगायचं नाही. वर्षभर राबलाय तो. तोंड उतरेल त्याचं."

"आणि तुमचं उतरलंय ते?"

"माझं जन्मापासून असंच आहे. भाजी वाढ."

पण मालकीणबाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मालक दूध आणायला गेले, तेव्हा त्यांनी पोराला माझ्यापाशी आणलं आणि बोट दाखवून सगळं सांगितलं. चिरंजीवाचा चेहरा पडला. तो गुडघ्यावर बसून कितीतरी वेळ त्या जागेकडे बघत राहिला. मग उठला आणि जो माणूस चुकलाय तो रागावतो तसा रागावला. "मग आधी सांगायचं ना, आई. मला काय स्वप्न पडणार होतं?"

"तू विचारलंस कधी?"

"देतो करून," तो म्हणाला. "सीट पण बदलतो. फक्त ते प्रदर्शन एकदा होऊन जाऊ दे. नाव दिलंय मी."

प्रदर्शन झालं. मला पहिलं बक्षीस मिळालं, आणि तिथेच माझं नशीब फुटलं. बक्षीस मिळालेल्या गाडीला पट्टी कोण लावणार? डॉक्टर म्हणाला, "सुटाखाली फाटकी चप्पल घालणार का तुम्ही?" पुढचं प्रदर्शन झाल्यावर करू असं ठरलं. मग त्याच्या पुढचं. मध्येच चिरंजीवाने मला स्वतःच्या घरी नेलं, परसात गंज लागेल म्हणून. मालक ताडपत्रीचा कोपरा उचलून बघायचे, तेवढीही सोय गेली.

आज सकाळी ते दोघं इथे आले होते. बसने आले. चिरंजीव माइक घेऊन माझ्याविषयी बोलत होता. "ही माझ्या बाबांची गाडी. मी ती त्यांच्यासाठी नवी केली." त्याने मालकांना दोरीजवळ बोलावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गर्दीतल्या एका गृहस्थाने सहज विचारलं, "काका, नवी झाल्यावर चालवून बघितलीत की नाही?"

चिरंजीवाच्या हातातला माइक तसाच राहिला. मालकीणबाईंनी मान वळवली. मालकांनी डावा हात खिशात घातला.

"हो तर," ते म्हणाले. "लोण्यासारखी चालते. परवाच हिला बांधावर घेऊन गेलो होतो."

मी चिरंजीवाकडे बघत होते. मला वाटलं, आता तरी याला लाज वाटेल. वाटलीही असेल. पण त्याच्या चेहऱ्यावर मला आधी दिसली ती सुटका. त्याने हसून बापाच्या खांद्यावर हात टाकला आणि लोकांनी फोटो काढले. बापाने पोराला मोकळं केलं, मला मात्र कायमची उभी केली. आता ती पट्टी कुणी लावायचं कारणच उरलं नाही.

तर मंडळी, माझी हकिगत अशी आहे. माझ्या टाकीत पेट्रोल नाही, प्रदर्शनात ठेवू देत नाहीत. मला बक्षीस नको, पॉलिश नको, तुमचं "वा" तर मुळीच नको. तुमच्यापैकी कुणाला वेल्डिंग येत असेल तर एक लोखंडी पट्टी घेऊन या आणि माझं रूप बिघडवा. काम फार वेळाचं नाही. पण जरा लवकर या. निघताना मालक दोरीवरून वाकले आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्यांनी पुन्हा क्लचवर बोटं ठेवली. ओढला नाही. नुसती ठेवली, आणि ठेवलेली बोटंसुद्धा थरथरत होती.