चिपमहाराजांची बिनचूक भाषा

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दीडदोनशे माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक डबा होता. डब्यात वायरींचं भेंडोळं आणि नखाएवढी चिप बसवलेलं हिरवं बोर्ड. कुणाला कुंड्यांना आपोआप पाणी घालायचं होतं, कुणाला टाकी भरली की भोंगा हवा होता. हौस प्रत्येकाची वेगळी, पण रडगाणं एकच: प्रोग्राम लिहून कंपायलरला द्यावा, त्यानं तो चिपला कळेल अशा आकड्यांत उतरवून द्यावा, तर तो मेला पानभर चुकाच तोंडावर फेकतो.

या रडगाण्यावर उतारा म्हणून चिपमहाराज व्यासपीठावर उभे होते. अंगात रेशमी झब्बा, कानाला माईक.

"बाळांनो, सी शिकलात, रडलात! पायथन शिकलात, रडलात! का? त्या भाषांना अहंकार आहे. एक अर्धविराम राहिला की डोळे वटारतात. अरे, लेकरू बोबडं बोललं तर आई चुका काढते का? आमची सहजवाणी म्हणजे आई. मनाला येईल ते लिहा, एरर येणारच नाही!"

त्यांनी पडद्यावर लिहिलं, 'गारठा वाढला की ओरड गं माय.' कळ दाबली. सोनेरी अक्षरं उमटली: 'शून्य एरर. सिद्ध.' बोर्डाची तापमान मोजणारी तार बर्फाच्या ग्लासात बुडली, महाराजांनी बोर्डावरचं बटण दाबलं आणि सगळ्या हॉलकडून चिपस्तोत्र दोनदा म्हणवून घेतलं. दुसरं आवर्तन संपतं न संपतं तोच, पीं! टाळ्यांनी छत दणाणलं.

तिसऱ्या रांगेत एक किल्लीवाला चक्क रडत होता. त्याची गोष्ट हौसेची नव्हती. त्याच्या अकरा वर्षांच्या पोरीला रोज इन्सुलिन लागायचं आणि घरातला फ्रिज बिघडला होता. फ्रिजचं थंडी कमीजास्त करायचं बटण मधेच अडकायचं, मग आत सगळं गोठायचं. गोठून वितळलेलं इन्सुलिन दिसायला तसंच दिसतं, गुण मात्र गेलेला असतो. बायको दिवसभर कारखान्यात, हा खालच्या दुकानात किल्ल्या घासत बसलेला. फ्रिज गोठायला लागला की दुकानात घंटा वाजावी, एवढंच त्याला हवं होतं. तीन आठवडे तो सीशी झटापट करत होता. काल सत्तावीस चुका, आज एकतीस. डोकं आपटून घ्यावंसं वाटत होतं बिचाऱ्याला. त्यानं सहजवाणी घेतली, बोर्ड सिद्ध करून घेतलं आणि पोटाशी धरून घरी नेलं.

घरी त्यानं महाराजांनी सांगितल्याप्रमाणेच तपासलं. तार बर्फात, बटण, स्तोत्र दोनदा, पीं! मग तार फ्रिजमध्ये सोडली आणि निर्धास्त झाला.

सहाव्या दिवशी पोरीची साखर चढली. त्यानं डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे डोस वाढवला. सातव्या दिवशी आणखी चढली. इन्सुलिन बिघडलं असेल हे त्याच्या मनातही आलं नाही, कारण घंटा वाजली नव्हती ना! संध्याकाळी पोरगी ओकायला लागली, श्वास जोरजोरात चालू झाला, हाक मारली तर ओ देईना. तिला उचलून तो रस्त्याच्या मधोमध पळत सुटला.

अतिदक्षता विभागाच्या दारातून त्यानं महाराजांना फोन लावला. "श्रद्धेत खोट राहिली असेल, बाळा," महाराज म्हणाले. आणि त्याला ते पटलं! आपल्यामुळेच पोर मरायला टेकली, म्हणून तो भिंतीला धरून हुंदके देत राहिला.

पोरीची आत्या, त्याची थोरली बहीण, त्याच हॉस्पिटलात नर्स होती. दुसऱ्या दिवशी त्याला जबरदस्तीनं घरी नेऊन तिनं फ्रिज उघडला. कोथिंबीर काचेसारखी कडक झाली होती. घंटा गप्प.

"हे वाजतं कसं, दाखव मला."

त्यानं दाखवलं. आयुष्यभर नाड्या मोजलेली बाई, नजर आपोआप घड्याळावर गेली. चाळीस सेकंद.

"परत कर." चाळीस.

"आता तोंड बंद ठेवून कर."

"अगं ताई, स्तोत्राशिवाय..."

"बंद म्हणते ना!"

चाळिसाव्या सेकंदाला, पीं! ताईनं बर्फ ओतून दिला, ग्लासात चहाचं उकळतं पाणी भरलं आणि स्वतः बटण दाबलं. चाळीस सेकंदांनी ते तितक्याच भक्तिभावानं बोंबललं. मग तार पुन्हा बर्फात घालून ती बटण न दाबता पंधरा मिनिटं बसली. काही नाही.

किल्लीवाल्यानं बोर्ड उलटंपालटं करून पाहिलं. "म्हणजे हे गारठा बघतच नाही?"

"हे बटण दाबल्यापासून चाळीस मोजतं आणि एकदा ओरडतं. स्तोत्र तेवढ्याच लांबीचं बेतलंय."

रविवारी दोघं हॉलमध्ये गेली. ताई थेट व्यासपीठावर चढली. "महाराज, माझाही प्रोग्राम सिद्ध करा." आणि तिनं वॉर्डातल्या धुण्याची यादी लिहिली: 'चादरी बारा, उशीचे अभ्रे नऊ. काहीही झालं तरी वाजू नकोस.'

महाराज माईक सावरू लागले, पण तिनं कळ दाबलीसुद्धा. 'शून्य एरर. सिद्ध.' तिनं तार कोमट पाण्यात सोडली, बटण दाबलं आणि मोठ्यानं मोजायला लागली. एकोणचाळीस, चाळीस, पीं!

"ही... ही परीक्षा घेणाऱ्याची नकारात्मक शक्ती..." महाराज चाचरले.

किल्लीवाला उभा राहिला. "वीस वर्षं मी किल्ल्या घासतोय. केसाएवढा फरक राहिला तर कुलूप अडतं, आणि अडतं म्हणूनच ते कुलूप. कुठलीही किल्ली घातली की उघडणारं कुलूप कुणी आणलं, तर मी म्हणेन, बाबा, हे मोडलंय. आणि जो काहीही लिहिलं तरी बरोबर म्हणतो, तो कंपायलर मी देवासारखा घरी नेला! हा कंपायलरच नाही. तुम्ही काहीही लिहा, हा एकच तयार प्रोग्राम चिपमध्ये ढकलतो. माझी पोरगी दवाखान्यात पडलीये याच्यामुळे!"

"गप बसा हो!" कुणीतरी ओरडलं. "तुमच्या श्रद्धेचा दोष!"

तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक आजोबा उठले. "मी... मी हेच हिच्या ऑक्सिजनच्या सिलिंडरला लावलंय. संपत आला की वाजेल म्हणून. हिला एकटीला ठेवून आलोय."

आजोबा अनवाणीच पळत सुटले, त्यांच्यामागे ताई आणि किल्लीवाला. दोन गल्ल्या ओलांडून जिने चढेपर्यंत आजोबांना धाप लागली, कुलपात किल्ली जाईना. किल्लीवाल्यानं ती त्यांच्या हातातून घेऊन दार उघडलं. सिलिंडरचा काटा शून्यावर टेकला होता. आजींचे ओठ निळे पडत चालले होते. कोपऱ्यातला भरलेला सिलिंडर ताईनं जोडला. आजी वाचल्या.

वाचकहो, भाषा कुठली घ्यायची ती घ्या, सी घ्या नाहीतर पायथन. चूक दाखवणारा कंपायलर तुमचा वैरी नाही. पण कुणी बिनचूकपणाची हमी देत असेल तर बर्फाच्या जागी उकळतं पाणी ठेवा, स्तोत्र बंद करा, हातात घड्याळ घ्या आणि बघा. ताईला त्यासाठी अर्धा तास लागला. पोरीला डोळे उघडायला दोन दिवस लागले.