पळसाचा निकेश

संक्रांतीनंतर निकेशचा फोन आला नाही. मोहबोडी गावात अशी गोष्ट आधी कोणी फार मनावर घेत नाही. मिरची तोडायला तेलंगणात गेलेली माणसंही आठ-आठ दिवस बोलत नाहीत, आणि निकेश तर समुद्रापलीकडे गेलेला. पण माघ गेला, होळी गेली, मोहफुलं वेचून झाली, तरी मनसारामच्या खिशातला फोन गप्पच राहिला.

मनसाराम ढिवर. गावच्या तलावात मासे धरण्यात त्याचा जन्म गेला. निकेश त्याचा एकुलता एक. तलावाच्या मासळीवर दोन संसार चालत नाहीत म्हणून पोरगा बाहेर पडला. शेजारच्या गावचा सुरेंद्र पोरांना परदेशी पाठवायचा. त्यानं सांगितलं, "पोट्ट्याले पोहता येते, जाळं येते. आखातातल्या मच्छीच्या बोटीवर असेच पोट्टे लागतात." निकेश गेला. मागं त्याची बायको आचल आणि बाप राहिले.

चैत्रात मनसारामला तो दिसायला लागला. दिवस बुडताना तलावाच्या सांडव्यावर निकेश पाठमोरा उभा असायचा, सदरा अंगाला चिकटलेला, केसांतून पाणी गळत असलेलं. मनसाराम डोंगा वल्हवत जवळ गेला की तिथं कोणी नसायचं. सांडव्याचा दगड मात्र ओला वाटायचा. त्यानं हे आचलला सांगितलं नाही. एकदा तीच भाकरी थापता थापता म्हणाली, "मामाजी, तुमाले बी दिसते का?"

वैशाखात सुरेंद्र आला. अंगणात खाटेवर बसला, पाणी प्याला आणि मान खाली घालून म्हणाला, "भाऊ, कसं सांगू? बोट पाण्यात गेली. निकेश गेला. बॉडी सापडली नाई."

"कोण सांगतलं?" आचलनं दारातून विचारलं.

"कंपनीचा फोन होता."

आचल आणखी काही विचारणार होती, पण तोवर बाया रडायला लागल्या होत्या.

जाणत्यांनी अर्थ लावला. पाण्यात मेलेला, अग्नी न मिळालेला जीव घर शोधत फिरतो; म्हणूनच तो सांडव्यावर उभा राहतो. देह नसेल तर पळसाच्या पानांचा देह करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा, ही रीत. सुरेंद्रनं लगेच मान डोलावली. जेवणावळीचा तांदूळ मी देतो म्हणाला. गावालाही ते बरं वाटलं. कारण बोलायला कोणी तयार नव्हतं, पण घराघरांत ठाऊक होतं: दिवाळीनंतर सुरेंद्र गावातली आणखी पोरं नेणार होता. निकेशचं मरण अर्धवट लोंबकळत असताना दुसऱ्या पोरांना निरोप कसा द्यायचा?

मनसारामनं पुतळा स्वतः बांधला. काड्यांच्या हातापायांना पळसाची पानं गुंडाळली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. दोरीला गाठ मारावी तर त्याच्या बोटांना एकच गाठ येत होती, जाळ्याची. तीच त्यानं छातीवर मारली, कमरेला मारली. मग निकेशचा निळा सदरा त्याला घातला. सदरा बरोबर बसला.

तलावाच्या पाळीवर लाकडं रचली होती. बायांनी आचलला पुढं आणलं. तिच्या हातातल्या बांगड्या अजून होत्या. एक म्हातारी त्या फोडायला दगड घेऊन बसली होती. आचलनं दोन्ही हात पदराखाली घट्ट धरले आणि सासऱ्याकडे पाहिलं. ती रडत नव्हती. ती फक्त पाहत होती.

तेवढ्यात गर्दीतून रुखमाबाई पुढं आल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, जातीनं ढिवर नव्हत्या. गाव त्यांना सिस्टरच म्हणायचं. निकेशची नाळ त्यांनीच कापली होती.

"मनसारामभाऊ, जरा थांबा."

"आता काऊन थांबवता सिस्टर?" कोणीतरी कुरकुरलं. "तुमच्यात हे नाई चालत, आमच्यात चालते."

"मी तुमच्या रीतीले नावं ठेवाले नाई आली, बाप्पा. तुमची रीतच आठवून द्याले आली." त्यांनी गर्दीत नजर फिरवली. "बिरजू कुठी हाये? बिरज्या, समोर ये. तू मेला होता का नाई?"

बिरजू डोकं खाजवत पुढं आला. "नाई बाई, मी निजून होतो."

काही जणांना हसू आवरेना. गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. बिरजूचा रिकामा डोंगा तलावात फिरताना सापडला, तेव्हा सगळ्या ढिवरांनी मिळून महाजाळ ओढलं होतं. चूल पेटली नाही, कोणी रडलं नाही. तलाव या काठापासून त्या काठापर्यंत खरवडून निघाला, आणि बिरजू मात्र मोह पिऊन धानाच्या तणशीत घोरत होता.

"म्हणजे तुमची रीत काय हाये?" रुखमाबाईंचा आवाज चढला नाही. "जाळं पल्याडच्या काठाले लागल्याबिगर तुमी कोणाले मेला म्हणत नाई. या बेवड्यासाठी तुमी अख्खा तलाव ओढला. मंग निकेशसाठी कोण जाळं टाकलं? एक तरी माणूस ठाण्यात गेला? कलेक्टर हाफिसात गेला? आपल्या सरकारचा दूतावास हाये त्या देशात, तिथी कोणी इचारलं, का आमचा पोरगा कुठी हाये मनून?"

सुरेंद्र उठला. "बाई, हा दुसऱ्या देशाचा मामला हाये. ते पैशावाले लोकं. त्यांच्यापाशी तेल हाये, आपल्यापाशी काय, निरे हात-पाय! आपला देश त्यांच्यापुढं काय बोलन? उलटी तक्रार केली तर व्हिसे अडतीन. या पोट्ट्यांच्या पोटावर काऊन पाय देता?"

"आपला देश त्यांच्यापुढं हात जोडते का डोळे वटारते, ते मले ठाऊक नाई. पण त्याले पयले कळाले तर पायजे, आपला एक माणूस हारपला मनून! ते आपण सांगाचं का तू सांगशील?"

तेव्हा प्रणित बोलला. दिवाळीनंतर जाणाऱ्यांत तो पहिला होता. बॅगसुद्धा घेऊन ठेवली होती त्यानं.

"सुरेंद्रभाऊ, निकेशच्या बोटीचं नाव काय होतं?"

सुरेंद्रनं ओठ ओले केले. "नाव... तिकडच्या भाषेत असते बे ते."

"कोणत्या बंदरातून निघाली?"

"आता तू इथी कोर्ट लावून राह्यला का?"

"मले बी तसल्याच बोटीवर पाठवत होते तुमी!"

काय ही गत! ज्या बोटीवर गावचं लेकरू पाठवलं, तिचं नाव पाठवणाऱ्याला ठाऊक नव्हतं, आणि आजवर कोणी विचारलंही नव्हतं! बापानं विचारलं नव्हतं, गावानं विचारलं नव्हतं. आचलनं विचारायला तोंड उघडलं होतं, तर तिचा प्रश्न रडण्यात बुडवून टाकला होता.

मनसारामच्या हातात मघापासून पेटती काटकी होती. चटका बसला तेव्हा त्याला कळलं. त्यानं ती पायाखाली विझवली आणि पुतळ्यापाशी गुडघे टेकले. सदऱ्याखालची छातीवरची गाठ सोडायला गेला, पण जाळ्याची गाठ ओढून सुटत नाही. त्यानं कमरेचा चाकू काढून दोरी कापली. पानं घसरून पडली, सदरा रिकामा झाला.

"सूनबाई," तो म्हणाला, "हात झाकू नको. चाल, सिंदेवाहीले जाऊ. ठाण्यात."

ठाण्यात आधी त्यांना बसवून ठेवलं, मग उद्या बोलावलं. उद्याही गेले. सोबत रुखमाबाई, प्रणित, आणि कोणी न सांगता बिरजू. मग चंद्रपूरचं कलेक्टर ऑफिस झालं. तक्रार दिल्लीला परराष्ट्र खात्यात पोचली. सुरेंद्रला पोलिसांनी बोलावलं, तेव्हा कळलं की निकेशला त्यानं फिरायला जाणाऱ्याच्या व्हिसावर पाठवलं होतं. कंपनीचा फोन वगैरे आलाच नव्हता. बोट परतली नाही एवढंच त्याला कळलं होतं. पुढचं त्यानं स्वतःच जुळवून टाकलं होतं.

उत्तर यायला दिवाळी उजाडली. बोट बुडाली नव्हती. मासळीमागं जाता जाता ती शेजारच्या देशाच्या पाण्यात शिरली आणि त्या देशाच्या गस्तीनं पकडली. मालकानं हात वर केले. खलाशी तुरुंगात पडले. दुसऱ्या देशांतले काही सुटूनही गेले होते, कारण त्यांच्याबद्दल विचारणा झाली होती. निकेशबद्दल कोणाचीच विचारणा नव्हती. तो रोज आपलं नाव आणि गाव सांगत होता. मोहबोडी कुठं आहे, हे तिथं कोणाला कळणार?

दूतावासाच्या अधिकाऱ्यानं तुरुंगात जाऊन त्याची भेट घेतली आणि एका दुपारी घरी फोन लावून दिला.

"बाबा?" आवाज बारीक झाला होता, पण त्याचाच होता. "साहेब आले तवा मी समजलो. बाकीचे मले म्हणत, तुह्यामागं कोणी नाई. मी त्याइले सांगो, माहा बाप ढिवर हाये, तो जाळं टाकल्याबिगर राहणार नाई. तुमी पयल्या दिवसापासून धुंडून राह्यले होते ना, बाबा?"

मनसारामनं फोन आचलच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून खाली बसला. तिच्या बांगड्या फोनवर वाजत होत्या.

निकेश अजून आलेला नाही. दोन देशांचे कागद फिरत आहेत. तो येईल असं अधिकारी सांगतात. प्रणितनं परदेशी जाण्याचा विचार सोडलेला नाही. पोटाला पर्याय कुठं आहे? पण आता मोहबोडीतून कोणी बाहेर निघालं की मनसाराम त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. कोणासोबत चाललास, कोणत्या व्हिसावर, बोटीचं नाव काय, तिथल्या आपल्या दूतावासाचा नंबर घेतला का, हे सगळं विचारतो. उत्तर मिळेपर्यंत हलत नाही. लोक त्याला वैतागतात, पण दार लावून घेत नाहीत.

वाचकहो, गरीब माणूस पोटासाठी सीमा ओलांडतो, ही त्याची चूक नाही. तो गेला की आपण त्याचं नाव घेणं सोडतो, ही आपली चूक आहे. एजंट फसवतो, मालक हात झटकतो, मोठे देश ऐकत नाहीत, हे सगळं खरं. पण आपला देशही तेव्हाच बोलतो, जेव्हा गाव त्याच्या दारात जाऊन आपल्या माणसाचं नाव सांगतं. म्हणून विचारा, आज विचारा! ज्याच्याबद्दल कोणीच विचारत नाही, त्याला आपण जिवंतपणीच भूत करून टाकतो.