पाण्याची तांत्रिक अडचण

हिरामणने फोन ललितच्या टेबलावर आपटला. आपटला म्हणजे हळूच ठेवला. फोन त्याचाच होता. पडद्यावर ललितच्या ॲपचा केळीचा हसरा घड आणि त्याखाली एक ओळ: तांत्रिक अडचण, कृपया वाट पहा.

"रोज दुपारी वाटच पाहून राहिलो," हिरामण म्हणाला. "तिकडे फोपनारात माझी केळी मान टाकून राहिली, अन् तुझा घड हसून राहिला!"

शहरातल्या लालबाग भागातल्या या खोलीत बसून ललितने अर्ध्या तालुक्याचं ठिबक मोबाइलवर आणलं होतं.

"काका, पहिले मी सगळं दाखवायचो. फेज, प्रेशर, सब कुछ. 'प्रेशर लो' वाचून सुरेशभाऊ स्वतःचं बीपी तपासून आले. लोक घाबरतात."

"मी नाही घाबरत. विहीर माझी, मोटार माझी. काय बिघडलं ते मले सांग."

"काहीच नाही बिघडलं."

"मग पाणी?"

ललितने उगाच माऊस हलवला. "निघतंय ना. फक्त दुपारचं पाणी उगवतीच्या व्हॉल्व्हमधून जातंय."

उगवतीला बांधापलीकडे यादवची बाग होती. वाटणीत विहीर हिरामणकडे आली, तेव्हापासून सख्ख्या भावांत बोलणं नव्हतं. विहिरीवरून तिकडे जाणारा जुना पाइप मात्र तसाच राहिला होता. उखडायचा तर दोघांनी मिळून उखडावा लागला असता.

"कोणी खोलला?"

"भागीरथीकाकूंनी, त्यांच्या फोनवरून. मेसेजही त्यांनीच टाकायला लावला. यादवकाकांचं बोअर आटलं म्हणे, यांना सांगू नको." ललितने दोन्ही हात वर केले. "डिटेल मागितलं, दिलं. आता मले बीचमें घेऊ नका."

हिरामणने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. भागीरथी हल्ली दुपारच्या चहात साखर जास्त का टाकते, ते त्याला आत्ता कळलं.

"बंद करू व्हॉल्व्ह?"

रस्त्यावरून केळीचा ट्रक गेला. हिरामण दारापर्यंत जाऊन तो पाहून आला.

"दुपारी अर्धा वेळ इकडे, अर्धा तिकडे, असं होतं का?"

"होतं. पण काकू विचारतील, तिकडचं पाणी कमी का झालं."

"तिले सांग," फोन खिशात टाकत हिरामण म्हणाला, "नवीन अपडेट आलंय."