बारावा खिळा

फ्रेमवाल्याने वरचा कागद फाडला आणि हातोडी तशीच हातात राहिली. चित्रात एक काटकुळा तरुण सायकल धरून मागे वळून बघत होता. खाली कोपऱ्यात सही बायकोची.

आता आली का पंचाईत! बायकोच्या चित्रकलेच्या वर्गातल्या बारा जणांचं हे प्रदर्शन. विषय सगळ्यांना एकच, 'प्रेमाने मन हेलावलं तेव्हा'. तिने याला तीनदा समोर बसवून घेतलं होतं. फ्रेमही परस्पर दुसरीकडे करून घेतली, तेव्हा या गड्याला वाटलं, आपल्याला चकित करायचा बेत दिसतोय. स्वारीने सगळ्या बाजारात सांगून टाकलं, "पाच वाजता या. आपलं थोबाड भिंतीवर लागतंय!" पाचाला दहा मिनिटं उरली होती. टांगायचं काम याच्याकडेच होतं; अकरा चित्रं लागली होती, बारावा खिळा तेवढा मोकळा होता.

बायको दाराशीच उभी होती.

"कोण हा?"

"लग्नाआधीचा." ती चित्राकडे बघत म्हणाली. "मागच्या वर्षी गेला. घरात कुणापुढे रडणार होते मी?"

"आणि मी? तीस वर्षं काय झक मारली?"

"तुमचंच काढायला बसले होते हो. तुम्ही दोन मिनिटांत घोरायला लागता." ती हसली नाही. "घोरण्याचं सोडा. हातच चालला नाही माझा. खोटं कसं काढू? नका लावू ते. सांगते मी, पूर्ण झालं नाही म्हणून."

त्याला संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. चित्र पाठमोरं करून ठेवलं की झालं, कुणाला पत्ताही लागला नसता. पण चित्र चांगलं होतं, तिथेच तर घोडं अडलं. सकाळपासून अकरा चित्रं त्याच्या हाताखालून गेली होती. एवढा जीव ओतलेलं त्यांत एकही नव्हतं. सायकलच्या मुठीवरची त्या पोराची बोटंसुद्धा तिला आठवत होती.

जिन्यावर पावलं वाजली. घड्याळवाला, आणि त्याच्यामागे बाजारातले चारपाच जण.

"काय राव, कुठंय तुमचं थोबाड?"

फ्रेमवाल्याने चित्र उचलून खिळ्याला अडकवलं. डावा कोपरा खाली गेला होता, तो बोटाने वर केला.

"हे बघ. हिने काढलंय."

"अरेच्चा! हा कोण?"

बायको दारातून पुढे आली.

"हिच्या जवळचे होते," तो म्हणाला. "मागच्या वर्षी गेले."

बायको रडायला लागली, चारचौघांत, हुंदके देऊन. फ्रेमवाल्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"जरा बाजूला सरक रे," तो घड्याळवाल्याला म्हणाला. "चित्रावरचा उजेड अडतोय."