दार ओढून बघा

किल्लीकाकूंच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती: किल्ली आत विसरून बाहेर अडकलेली, आणि अजून अडकायची बाकी असलेली. दुसऱ्या प्रकाराशी त्या तुसडेपणाने वागत नसत. पण साबण घ्यायला गेल्या तरी दुकानदाराकडे अशा बघत, की त्याचा हात आपोआप स्वतःच्या खिशाकडे जाई.

त्यांचं दुकान जिन्याखाली. उभं राहिलं की डोक्याला पायरी लागे, म्हणून काकू बसूनच असत. भिंतभर खिळ्यांवर कोऱ्या किल्ल्या, समोर किल्ली कापायचं मशीन, आणि मशीनमधून उडणारा पितळी भुगा सगळीकडे: गल्ल्यावर, भुवयांवर, चहाच्या कपातल्या सायीवरही. कुलूप फोडायचं ड्रिल इतरांसारखं काकूंकडेही होतं. पण ते पिशवीच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेलं. ते बाहेर काढायची वेळ आली तर काकू कुलपावर नाही, स्वतःवर चिडत, आणि मालकाला तीनतीनदा विचारल्याशिवाय त्याचं टोक दाराला लावत नसत.

फोन वाजला की काकू निघत नसत. आधी विचारत.

"दार स्वतःकडे ओढलंत का? ओढा. घट्ट ओढा, पाहुणे निघालेत आणि तुम्हाला त्यांना थांबवायचंय असं समजा. आता फिरवा किल्ली."

बऱ्याचदा तिकडून 'खट्' ऐकू येई, मग एक ओशाळवाणं हसू. काकू फोन ठेवत आणि पैज जिंकल्यासारख्या इकडेतिकडे बघत. पैज कुणाशी लागली होती ते कुणालाच माहीत नसे. अशाने धंदा कसा चालायचा, हे शेजारच्या शिंप्यानेही विचारून पाहिलं होतं. धंदा चालत होता. ज्याचं दार फोनवर उघडलं तो पुढे घर बदलताना सगळी कुलपं घेऊन ह्याच जिन्याखाली येई.

लेक कॉलेजात होती तेव्हा तिने आईला वेबसाइट करून दिली. पत्ता, फोन, दुकानाचा तिरका फोटो, आणि एकच वाचण्यासारखं पान. ते काकूंनी स्वतः सांगून लिहून घेतलं होतं. त्याचं नाव: 'बाहेर अडकलात? आम्हाला बोलावण्याआधी हे करा.'

दार ओढून बघा, मग ढकलून बघा, दोन्ही वेळा किल्ली फिरवा. कुलपात खायचं तेल ओतू नका. शिसपेन्सिलीचं टोक किल्लीला घासा. किल्ली मोडली असेल तर आतला तुकडा बोटाने ढकलू नका. ढकलला असेल तर तसं सांगा, आम्ही ओरडणार नाही. आणि शेवटी: दुसरी किल्ली नणंदेकडे असेल आणि तिच्याशी बोलणं बंद असेल, तरी आधी तिलाच फोन करा. ती आमच्यापेक्षा जवळ राहते.

ह्या शेवटच्या ओळीवर लेक तेव्हा पोट धरून हसली होती. पुढे तिलाही नणंद मिळाली.

नणंदेबरोबर अर्थातच नवराही मिळाला, आणि ह्या जावयाचा धंदा असा, की इंटरनेटवर कुणी काही शोधलं तर आपल्या गिऱ्हाइकाची वेबसाइट सगळ्यांत वर दिसली पाहिजे. नीटनेटका, हसतमुख, जेवतानाही फोन उपडा न ठेवणारा गडी. एकदा सासुरवाडीला आला असताना त्याने सहज 'कुलूप उघडून देणारे' असं शोधलं आणि घास तसाच हातात राहिला.

"आई, तुम्ही दुसऱ्या पानावर आहात!"

"बरं मग?"

"दुसऱ्या पानावर कुणी जात नाही, आई. माणूस लपवायचा तर तिथे लपवावा, इतकी शांतता असते. पहिल्या नंबरवर ही ड्रिलने कुलपं फोडणारी कंपनी बसलीय. मी करतो सगळं. तुम्ही फक्त बघत राहा."

जावयाने हौसेने देऊ केलेली गोष्ट नाकारायची म्हणजे लेकीच्या संसारात खडा टाकायचा. काकूंनी मान डोलावली. आणि जावयाच्या जमेच्या बाजूला हे मांडायलाच हवं, की महिन्याभरात काकू खरोखर पहिल्या पानावर आल्या. शहरातल्या प्रत्येक भागासाठी त्याने वेगळं पान केलं, फोनचा नंबरही आपल्या ऑफिसचा टाकला. तिथली मंजुळ आवाजाची मुलगी फोन घेई आणि काकूंना फक्त पत्ता कळवी.

कामं वाढली. काकू सुखावल्या, खोटं का बोला. पण लवकरच त्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं. धापा टाकत चार जिने चढून जावं, दार ओढावं, किल्ली फिरवावी, की दार उघडं! मालक खूश, आणि काकूंचं तोंड मात्र कडू. ह्याला फोनवर कुणी विचारलंच नाही का?

मग आली ती दातांची डॉक्टरीण. तिच्या दवाखान्याचं दार अडकलं होतं. काकू पोचल्या तेव्हा ती दाराला पाठ लावून, पर्स पोटाशी धरून उभी होती, गोलकीपर उभा राहतो तशी.

"माणूस कुठाय?" तिने विचारलं.

"कसला माणूस? मीच."

"ड्रिल काढायचं नाही, आधीच सांगते. ड्रिल कधी मारायचं आणि कधी नुसती भीती घालायची, हे मला चांगलं कळतं. माझाही तोच धंदा आहे."

"अहो बाई, मी कशाला ड्रिल मारू?"

"मग हे काय?" तिने फोन पुढे केला. काकूंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. 'किल्लीकाकूंच्या तरबेज माणसाने पाचच मिनिटांत ड्रिल मारून दार उघडलं. जुनं कुलूप फेकून नवं बसवून दिलं. अप्रतिम सेवा!' शेजारी पाच तारे. त्याखाली तसाच दुसरा मजकूर, दुसऱ्या नावाने, आणि तिसरा.

काकूंनी तो तीनदा वाचला. मग फोन परत केला, दार ओढलं, चौकटीच्या फटीतून पातळ पट्टी सरकवली आणि लॅच मागे सारलं. डॉक्टरीण 'वा' म्हणाली. काकू पट्टी पिशवीत टाकून निघाल्या. इतक्या वर्षांत दार उघडल्यावर काकूंनी पैज जिंकल्यासारखं इकडेतिकडे बघितलं नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी जावई लॅपटॉप घेऊन जिन्याखाली हजर झाला. वाकून, कारण त्याची उंची चांगली होती.

"ते रिव्ह्यू होय? आमच्या ऑफिसातल्या मुलांनी लिहिले, आई. सगळेच लिहून घेतात. पहिल्या नंबरच्या कंपनीचे समोर ठेवले आणि नावं बदलली. ड्रिलचं तेवढं राहून गेलं."

"आणि माझं पान? मी काल शोधलं, सापडेना."

"ते काढलं." त्याने पडद्यावर उतरती रेष दाखवली. "हे बघा. सगळ्यांत जास्त लोक त्याच पानावर येत होते. येतात, तीनचार मिनिटं वाचतात आणि फोन न करता निघून जातात. आमच्या हिशेबात हे नुकसान."

"निघून कुठे जातात?"

"कुठे म्हणजे? जातात."

"जावईबापू, माणूस दाराबाहेर उभा आहे. माझं पान वाचतो आणि फोन न करता जातो. जाईल कुठे?"

जावयाने पुन्हा त्या रेषेकडे पाहिलं.

"घरात जातो," काकू म्हणाल्या. "ती तुमची नुकसानीची रेष आहे ना, तेवढी दारं उघडली आहेत त्यात. पान परत लावा. रिव्ह्यू काढा. नंबर माझा टाका."

"आई, आत्ता नको!" जावई इतका दचकला, की डोकं पायरीवर आपटलं. "पुढच्या आठवड्यात व्यापारी मंडळाची सभा आहे. कुलपं बनवणाऱ्या कंपनीचे साहेब येणारेत. मी तुमचीच साइट दाखवणार आहे, आधी आणि नंतर. त्यांचं काम मिळालं तर माझं ऑफिस उभं राहील. तोवर हात लावू नका. माझ्यासाठी नाही, तर लेकीसाठी."

लेकीचं नाव निघालं की काकूंच्या तोंडाला कुलूप लागतं, हे त्याने बरोबर हेरलं होतं. पण कुलूप लागलं म्हणून गप्प बसणाऱ्यांपैकी काकू नव्हत्या.

"सभेला मी आले तर चालेल?" त्यांनी विचारलं.

"चालेल म्हणजे? पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो!"

सभेला गर्दी चांगली होती. चपला विकणारे, चष्मे विकणारे, केस कापणारे, सगळेच पहिल्या पानासाठी आसुसलेले. लॅपटॉपवर लेक बसली होती. नवरा बोलेल तसं ती पडद्यावरचं चित्र बदलत होती. जावई बोललाही छान. रेष खालून वर गेली आणि पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू झळकले तेव्हा मागच्या रांगेतून 'ओहो' असा आवाज आला. कुलूप कंपनीचे साहेब मान डोलावत होते.

"आणि ह्या साइटच्या मालकीणबाई आज इथेच आहेत. आई, दोन शब्द बोला ना."

काकू उठल्या, माइककडे गेल्याच नाहीत. मशीनच्या घरघरीवर बोलायची सवय असलेल्या गळ्याला माइक कशाला?

"आत्ता पडद्यावर जिचं कौतुक चाललंय ती बाई मी नव्हे. मी ड्रिल मारत फिरत नाही. माझ्याकडे तरबेज माणूस नाही, माझ्याकडे माणूसच नाही. ही सगळी कौतुकाची पत्रं खोटी आहेत. तुमच्यापैकी कुणाला असली हवी असतील तर जावईबापू देतील, हुशार आहेत. मला नकोत."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. जावयाचा चेहरा असा झाला, जसं स्वतःच्याच घराचं दार पाठीमागे धाडकन बंद व्हावं आणि किल्ली आत असावी.

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, तुमची तक्रार समजली. पण हे काढलंत तर पहिल्या पानावरून खाली जाल, हे लक्षात आहे ना?"

"जाईन की! जिन्याखाली बसते मी. खाली असण्याची मला नवलाई नाही." आणि मग त्या लेकीकडे वळल्या. आवाज जरा उतरला. "माझं पान आहे का गं कुठे? की टाकून दिलं?"

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने डोळ्यांनीच 'नको' म्हटलं. वेबसाइट तिने बनवली होती, पासवर्ड तिचा होता, म्हणजे शेवटचा शब्दही तिचाच, आणि ह्या एका गोष्टीचा त्या दोघांनाही आजवर विसर पडला होता.

"आहे, आई. मी टाकलं नव्हतं. ह्याने काढायला सांगितलं तेव्हा नुसतं बंद केलं होतं."

"मग उघड."

"अगं, घरी गेल्यावर बोलू," नवरा कुजबुजला.

"घरी गेल्यावर तू मला समजावशील आणि मला ते पटेल," लेक म्हणाली. "म्हणून आत्ताच."

तिने बटण दाबलं. पडद्यावर तिरका फोटो आला आणि त्याखाली जुनी अक्षरं: बाहेर अडकलात? आम्हाला बोलावण्याआधी हे करा. लोक मान वर करून वाचू लागले. नणंदेच्या ओळीपाशी चपलावाला फसकन हसला, मग चष्मेवाला. साहेब मात्र हसले नाहीत. घड्याळ बघून निघून गेले, आणि त्यांचं काम जावयाला मिळालं नाही. हेही मांडून ठेवायला हवं, कारण काकूंच्या ताठ मानेची किंमत काकूंनी एकट्यांनी भरली नाही.

जावई मग बरेच दिवस सासुरवाडीला फिरकला नाही. लेक एकटीच येई. "बोलतो का?" काकू विचारत. "बोलतो. 'मीठ दे' म्हणतो," लेक सांगे. इकडे रिव्ह्यू गेले, सगळ्या भागांची पानं गेली, नंबर काकूंचा आला, आणि काकू सरळ दुसऱ्या पानावर, तेही तळाशी. फोन कमी झाले. शिंपी म्हणाला, काकू, जरा नमतं घ्यायचं होतं. काकू म्हणाल्या, पायरीखाली बसून आणखी किती नमू?

आणि एके संध्याकाळी जावई आला. वाकून आत शिरला, स्टुलावर बसला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग धंद्याची खाज त्याला गप्प बसू देईना. त्याने फोन काढला.

"आई, पानाच्या सुरुवातीला ही नवी ओळ कुणी घातली?"

"मी सांगितली. लेकीने टाइप केली."

त्याने वाचली. 'आम्ही पहिल्या पानावर नाही. शोधत इथवर आलात, म्हणजे बराच वेळ दाराबाहेर उभे आहात. आधी बसा कुठेतरी.'

"ह्यात 'कुलूप' हा शब्दच नाही. लोक तोच टाकून शोधतात. तेवढा तरी घाला."

"बाहेर उभ्या माणसाला कुलूप समोरच दिसतंय. मी कशाला सांगू?"

"तुम्ही ऐकणार नाही."

"नाही. चहा घेणार?"

तो हो म्हणेपर्यंत फोन वाजला. काकूंनी उचलला. तिकडून बाईचा आवाज, इतका मोठा की स्टुलावरही ऐकू येत होता.

"दार ओढलंत का?" काकूंनी सुरुवात केली.

"ओढलं. ढकललं. पेन्सिल घासली. तुमचं सगळं पान पाठ झालंय माझं. नणंदेलाही फोन केला."

"मग?"

"नाही देत म्हणाली."

काकूंनी पिशवी खांद्याला लावली. "पत्ता सांगा," त्या म्हणाल्या, "आलेच." आणि जावयाला, बाहेर पडता पडता: "चहा तुमचा तुम्ही करून घ्या. भुगा झटकून."