थर्मोस्टॅटवरची खूण

घड्याळजींनी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं त्याला दोन वर्षं झाली होती, आणि त्यातले पहिले चौदा महिने त्यांनी खिडकीत बसून काढले. खिडकीतून रस्ता दिसायचा आणि रस्त्यावरून बस जायची. "सव्वातीनची. तीन मिनिटं उशिरा," असं ते म्हणायचे आणि पुढच्या बसची वाट बघायचे. त्यांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत, कारण घरात शिवणाचे वर्ग घेऊन त्यांनी अर्ध्या गल्लीला कात्री धरायला शिकवलं होतं. नवऱ्याच्या तोंडून बसच्या वेळांखेरीज शब्द निघेना, तेव्हा बाई पार मेटाकुटीला आल्या. भांडायचं म्हटलं तरी समोर माणूस हवा की नाही!

मग गाडी आली. पलीकडच्या गोदामातून भंगारात निघालेली, या दोघांच्या लग्नाहून जुनी, मागच्या सीटमध्ये उंदरांनी थाटलेला संसार. घड्याळजींनी ती ओढून आणून मागच्या शेडमध्ये उभी केली आणि दुसऱ्या दिवसापासून खिडकी रिकामी झाली. दहा महिने त्या शेडमधून ठोकाठोक आणि स्वतःशीच घातलेले वाद ऐकू येत होते. बाईंच्या जिवात जीव आला.

सगळ्यात शेवटी राहिलं होतं इंजिन थंड ठेवायचं काम. इंजिनाभोवती पाणी खेळवायचं, तापलेलं पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये निववायचं आणि परत आत सोडायचं, गोष्ट एवढीच. पण घड्याळजींनी तिचे साठ तुकडे केले. बाईंचे बटणांचे झाडून सगळे डबे पळवले, प्रत्येक डब्यात एक भाग आणि वर नंबराची चिठ्ठी. पाण्याचा पंप, नळ्या, नळ्यांच्या क्लिपा, सगळं दातांच्या ब्रशनं घासून झालं. घासून झालं, तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की ब्रश त्यांचाच होता.

थर्मोस्टॅट नावाची पितळी चकती तर त्यांनी थेट बाईंच्या दुधाच्या पातेल्यात उकळली.

"बघ, बघ, उघडतेय!" ते लहान पोरासारखे ओरडले. "पाणी तापलं की ही दार उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. स्प्रिंगची बाजू खाली, इंजिनाकडे ठेवायची. उलटी बसवली तर हिला ताप कळतच नाही. दार लावून बसते आणि इंजिन उकळतं."

"आणि माझं पातेलं?"

"ते काय, धुतलं की झालं."

मग त्यांनी चकतीच्या वरच्या बाजूला सुईनं बारीक खूण कोरली: तारीख आणि तिच्याशेजारी चांदणी. ही त्यांची दुकानातली सवय. ज्या घड्याळाला हात लावला, त्याच्या झाकणाच्या आत चांदणी कोरायची. पुढे ते कुणीही उघडलं, तरी आधी कोणाचा हात फिरला होता ते कळावं. चांदणी वर ठेवून त्यांनी चकती बसवली, त्यावर गॅस्केट म्हणजे गळती रोखणारी जाड कागदाची कडी, त्यावर झाकण आणि दोन बोल्ट. पाणी भरलं, इंजिन अर्धा तास चालवलं. तापमानाचा काटा मधोमध उभा राहिला, जराही हलला नाही.

"झालं," घड्याळजी हात पुसत म्हणाले. "उद्या पाच वाजता एक हॉटेलवाला येतोय. घेऊन जाईल."

"म्हणजे? विकताय?"

"दुरुस्त झालेली वस्तू दुकानात ठेवायची नसते. चाळीस वर्षं हेच केलं."

 गाडी गेली की माणूस परत खिडकीत, हे सांगायला ज्योतिषी नको होता.  सकाळी घड्याळजी गिऱ्हाइकासमोर नीट दिसावं म्हणून दाढी करायला न्हाव्याकडे गेले, तशा बाई पदर खोचून शेडमध्ये शिरल्या.

रेडिएटरच्या खालची तोटी सोडून त्यांनी बादलीभर पाणी काढलं. दोन बोल्ट काढले. झाकण उचलताना कागदाचं गॅस्केट टर्रकन फाटलं, आणि क्षणभर त्यांची पाचावर धारण बसली. पण कागद बेतायचं त्यांना कोणी शिकवायला नको होतं! फाटकं गॅस्केट नव्या कागदावर ठेवून त्यांनी पेन्सिल फिरवली, आतून-बाहेरून कात्री चालवली, बोल्टांची भोकं पाडली. मग चकती उचलली, उलटी केली, ठेवली. झाकण लावलं, बोल्ट आवळले, पाणी परत भरलं. घड्याळजी गुळगुळीत गालांनी परत आले, तेव्हा बाई निवांत चहा पीत होत्या.

बेत साधा होता. गाडी उकळेल, हॉटेलवाला काढता पाय घेईल, घड्याळजी पुन्हा शेडमध्ये जातील.

पाचाला हॉटेलवाला आला. घड्याळजी चालवून दाखवणार होते. तो त्यांच्याशेजारी बसला, बाई हट्टानं मागे, आणि गाडी टेकडीच्या रस्त्याला लागली. अर्ध्या चढावर काटा हलला. तिसऱ्या वळणावर पार टोकाला गेला आणि बॉनेटमधून वाफेचे लोट निघाले. घड्याळजींनी गाडी कडेला घेतली. त्यांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता.

"काल चालली होती हो," ते म्हणाले. "अर्धा तास चालली होती."

"काका, जाऊ द्या ना," हॉटेलवाला हसत म्हणाला. "इंजिनाशी मला काय करायचंय? इंजिन मी काढूनच टाकणार. हॉटेलच्या दारात उभी करीन आणि बॉनेटमध्ये फुलांच्या कुंड्या. लोक फोटो काढतील."

घड्याळजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं त्यांनाच कुंडीत लावायची भाषा केली होती.

"उतरा," ते म्हणाले.

"अहो, पण आपलं ठरलं..."

"उतरा खाली! बस मिळेल तुम्हाला. पावणेसहाची आहे."

बाई मागच्या सीटवर तोंडाला पदर लावून हसत होत्या. एका दगडात दोन पक्षी! गाडी वाचली आणि कुंड्याही टळल्या. उकळली नसती, तर तो गोड बोलून गाडी घेऊन गेला असता.

इंजिन निवल्यावर गाडी उतारावरून हळूहळू घरी आली, पण हसू दुसऱ्या दिवशी विरलं. घड्याळजी शेडकडे फिरकले नाहीत. जेवण झाल्यावर खुर्ची ओढून सरळ खिडकीत जाऊन बसले.

"उघडून बघायचं नाही का?" बाईंनी विचारलं.

"काय बघायचं? सगळं नीट बसवलं होतं, तरी उकळली." त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. "हात गेले माझे. बरं झालं, दुकान वेळेत बंद केलं."

 मूग गिळून बसलं तर आपण सुटतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण त्या हातांकडे त्यांना बघवेना. त्या शेडमधून पाना घेऊन आल्या आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"चला. वरचं झाकण उघडा."

"कशाला?"

"उघडा म्हणते ना!"

घड्याळजींनी शेडमध्ये येऊन पाणी काढलं, झाकण उचललं आणि तसेच वाकून राहिले. वर चांदणी नव्हती, स्प्रिंग होती. चकती उचलून त्यांनी उलटी केली. खाली तारीख, शेजारी चांदणी. त्यांनी हळूच मान वर केली.

"मी केलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही दाढीला गेला होता तेव्हा. तुमच्या हातांना काहीसुद्धा झालेलं नाही. मला तुम्ही त्या मेल्या खिडकीत नको होतात, म्हणून केलं."

घड्याळजींनी चकती फडक्यावर ठेवली. बाईंनी मनाची तयारी केली. आता ओरडतील, आणि ओरडावंच.

"पाणी कशात काढलंस?"

"बादलीत."

"आणि हे गॅस्केट? हे माझं नव्हे."

"तुमचं फाटलं. मी नवीन बेतलं."

त्यांनी गॅस्केट उजेडात धरलं, भिंगाचा चष्मा लावला, कडेवरून बोट फिरवलं. "एवढी वाफ धरली, पण इथून एक थेंब गळला नाही. माझं कडेला जरा वाकडं झालं होतं." मग खिशातून सुई काढून त्यांनी बाईंपुढे धरली. "घे. खूण कर."

"मी?"

"ज्याचा हात लागला, त्याची खूण. दुकानाचा नियम आहे."

अर्ध्या गल्लीला कात्री धरायला शिकवणाऱ्या बाईंनी सुई दोनदा धरून पाहिली. त्यांनी चांदणीशेजारी एक छोटा फुलीचा टाका कोरला.

"आता स्प्रिंग खाली," घड्याळजी म्हणाले.

"माहीत आहे मला. पातेलं माझं होतं."

दोघं इंजिनावर डोकी घालून बोल्ट आवळत होते, तेवढ्यात रस्त्यावरून घरघर ऐकू आली. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"सव्वातीनची. आज सात मिनिटं उशिरा."

"कसली सव्वातीनची?" घड्याळजी डोकं वर न काढता म्हणाले. "पाना दे."