शेजाऱ्यांचं मत

क्षिप्राने हेडफोन एका कानावरून मागे सारला आणि तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावलं.

"तुम्ही म्हणाल त्याला देऊ की, ताई. आपलं काय!"

पलीकडे कुणी म्हातारा होता, मागे कुकरची शिट्टी होत होती. फोन करणाऱ्या मुलीने खुशाल सत्ताधारी पक्षासमोर खूण करून टाकली होती. क्षिप्राने ती खूण काढली. रॅफल्स प्लेसच्या तिच्या कंपनीला महाराष्ट्राच्या निवडणुकीचा कौल काढायचं काम मिळालं होतं. फोन नागपुरातून व्हायचे, आकडेमोड सिंगापुरात, आणि अख्ख्या ऑफिसात मराठी कळणारी ती एकटी. साहजिकच ही संभाषणं तपासायचं झेंगट तिच्याच गळ्यात आलं होतं. गेला आठवडाभर ती पुंगोल उपनगरातल्या घरी बसून दिवसभर लोकांची गुळमुळीत उत्तरं ऐकत होती.

"काय म्हणतोय तुझा मतदार?" बाबांनी चहाचा कप लॅपटॉपपासून बेताने लांब ठेवला.

"खोटं बोलतोय."

"खोटं नाही गं. भीड पडते माणसाला. एवढ्या लांबून कुणीतरी गोड आवाजात विचारतंय, तिला नाराज कसं करायचं?"

तिच्या बाबांना, दीनानाथरावांना, यातलं कळत होतं. सांगलीच्या शाळेत मास्तरकी करताना दर निवडणुकीला त्यांची केंद्रावर ड्यूटी लागायची. निवृत्तीनंतरही मतदानाच्या दिवशी पांढरा शर्ट कडक इस्त्री करून ते रांगेत पहिले उभे. मत कुणाला दिलं हे मात्र त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नाही. क्षिप्राची आई शेवटपर्यंत विचारत राहिली आणि ते "मत गुप्त असतं" म्हणून मिशीत हसत राहिले. यंदा मात्र सांगलीत मतदान होणार होतं आणि ते इथे दहाव्या मजल्यावर, मुलीला चहा करून देत होते.

"मग खरं कसं काढता?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही कुणाला मत देणार, असं विचारायचंच नाही. तुमच्या गल्लीतले लोक कुणाला देतील, असं विचारायचं. शेजाऱ्यांचं म्हटलं की माणूस घडाघडा बोलतो. आणि बोलतो ते बहुतेक वेळा स्वतःचंच असतं."

"वा! दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक." ते मनापासून हसले. "आणि 'सांगता येत नाही' म्हणणारे?"

"त्यांना आम्ही बाकीच्यांत वाटून टाकतो. ज्याचा आकडा मोठा, त्याला जास्त."

"परत विचारत नाही?"

"वेळ कुठे असतो, बाबा?"

"तेही खरंच," असं म्हणून ते आपला कप घेऊन आत गेले. त्यांनी तो विसळला, पुसला आणि होता तिथे पालथा ठेवला. आल्यापासून हे असंच चाललं होतं. टीव्हीचा आवाज बारीक, दाराचा आवाज नाही, आंघोळीनंतर बाथरूम कोरडं करून बाहेर यायचं. सख्ख्या मुलीच्या घरात इतकं जपून वावरायचं! क्षिप्राला ते पाहून वाईट वाटायचं आणि रागही यायचा, आणि राग आल्याचं आणखी वाईट वाटायचं.

पण दुसरा इलाज नव्हता. गेल्या वर्षी ते सांगलीच्या फ्लॅटमध्ये न्हाणीघरात पडले. सकाळी कामवाली येईपर्यंत तसेच पडून होते. त्यानंतर क्षिप्रा आणि तिचा नवरा अश्विन यांनी त्यांना इकडे आणलं. आता फ्लॅट विकायचं चाललं होतं. गिऱ्हाईक मिळालं होतं, सांगलीत तिचा चुलतभाऊ प्रबोध सगळं बघणार होता. फक्त त्याच्या नावे मुखत्यारपत्र हवं होतं, आणि त्यावर सही करायला दीनानाथरावांना उद्या सकाळी भारतीय हाय कमिशनमध्ये जायचं होतं. एकदा सही झाली, की परत जायला जागा उरणार नव्हती.

संध्याकाळी ती त्यांना घेऊन खाली उतरली. ब्लॉकच्या तळाशी, व्हॉइड डेक म्हणतात त्या मोकळ्या जागेतल्या बाकांवर नेहमीची म्हातारी मंडळी बसली होती. दोन चिनी आजोबा सोंगट्यांच्या पटावर वाकले होते, एक तमिळ आजी हातातल्या फोनशी बोलत होती, आणि एक आजोबा नुसतेच बसले होते. वरच्या रुळावरून एलआरटीचा, छोट्या लोकल रेल्वेचा, डबा गेला. दीनानाथराव कडेच्या बाकावर टेकले, आणि क्षिप्रा त्यांच्या शेजारी.

"बाबा, उद्याचं नक्की ना?"

"नक्की म्हणजे काय, करू की सही."

"मनापासून म्हणतेय मी. तुम्हाला इथे बरं वाटतं ना?"

"मस्त आहे की इथे. स्वच्छता आहे, लिफ्ट आहे, गार्गी आहे." नातीचं नाव घेताना त्यांचा आवाज खरोखर उजळला. मग ते म्हणाले, "तू म्हणशील तसं करू. आपलं काय!"

दुपारी खोडलेलं उत्तर क्षिप्राच्या बापाच्या तोंडून जवळजवळ जसंच्या तसं आलं होतं. ती सोंगट्यांकडे बघू लागली. विचारू नये, असं तिला वाटत होतं. तरी तिने विचारलं.

"बाबा, हे सगळे जण इथे बसतात. मुलांकडे आलेले. यांना करमतं का हो इथे?"

दीनानाथरावांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या मिशीत किंचित हसू आलं आणि विरलं. मग त्यांनी पुढ्यात बघत सावकाश उत्तर दिलं.

"नाही करमत. दिवस खायला उठतो त्यांना. मुलं चांगली आहेत, काही कमी करत नाहीत, म्हणून तर बोलताही येत नाही. आपल्या घरात पडलो असतो नि तिथेच संपलो असतो तरी चाललं असतं, असं येतं त्यांच्या मनात. पण हे मुलीला सांगायचं कसं? ती बिचारी धावपळ करून मेटाकुटीला आलेली."

चिनी आजोबांनी सोंगटी आपटली. क्षिप्राचे डोळे भरून आले, पण तिने ते पुसले नाहीत. पुसले असते तर त्यांना दिसलं असतं.

"आता मी विचारू?" दीनानाथराव म्हणाले.

"विचारा."

"तुझ्या ओळखीतल्या बायका असतील ना, ज्यांनी आईवडिलांना इकडे आणलंय. त्यांना काय वाटतं?"

त्यांनी घाई केली नाही. केंद्रावर एखादी म्हातारी पडद्यामागे जास्त वेळ घ्यायची, तेव्हाही ते असेच थांबत असतील.

"त्यांना..." ती म्हणाली, "त्यांचा जीव आहे हो आईवडिलांवर. पण दमल्यात त्या. ऑफिस, शाळा, घर, आणि कुणीतरी सारखं आपल्या पायरवाकडे कान लावून बसलेलं. घरी येताना कधीकधी त्या एक स्टेशन आधी उतरतात आणि चालत येतात. तेवढाच उशीर व्हावा म्हणून. तिकडे ठेवलं तर डोळ्याला डोळा लागत नाही, आणि इकडे आणलं तर..."

"तर?"

"सांगता येत नाही, बाबा."

"बरं," ते हळूच म्हणाले. "मग कशाला वाटून टाकायचं ते. राहू दे तसंच."

मग त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले आणि ते उठले.

"गंमत बघ. दोन्हीकडचे मतदार नाराज आहेत, आणि तरी सरकार हेच येणार." त्यांनी तिच्यापुढे हात धरला. "चल. गार्गी वाट बघत असेल. उद्या किती वाजता निघायचं?"

"साडेआठला," क्षिप्रा म्हणाली.

सकाळी ती चपला घालून दारात उभी होती, तेव्हा ते खोलीतून बाहेर आले. केस चापून बसवलेले, अंगात पांढरा शर्ट. बाह्यांवर इस्त्रीची धार होती. ती कधी केली कुणास ठाऊक, घरात आवाजही झाला नव्हता.

दप्तर भरता भरता गार्गीने वर पाहिलं.

"वाह, आजोबा, सो हँडसम लाह! व्हेअर यू गोइंग?"

"मत द्यायला."

"हू यू व्होटिंग फॉर?"

नातीच्या केसांवरून हात फिरवत दीनानाथराव क्षणभर थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी त्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

"तुझ्या आईला," ते म्हणाले, आणि पायात चप्पल सरकवून लिफ्टकडे चालू लागले.